सूर सात, घरं दोन



आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी महाडला की-बोर्ड शिकायला जाते. मागे एकदा ती आईबरोबर मासिक सभेला आली होती. इकडे बचत गोळा होत होती, पासबुकं भरणं चाललं होतं आणि ही कोपऱ्यात बसून पाठ करत होती, ‘सी मेजरचा रिलेटिव्ह ए मायनर, जी मेजरचा रिलेटिव्ह ई मायनर.’ तिच्या आईनं मान वर केली. ‘रिलेटिव्ह म्हणजे नातेवाईकच ना गं? सुरांना पण नातेवाईक असतात?’

सगळ्याच हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. सुरांची ही नाती शोधत आम्ही अमेरिकेतल्या जॅझपर्यंत गेलो. तिथून गोव्यातल्या चर्चच्या शाळा, मुंबईचं ताज हॉटेल, सिनेमाचे स्टुडिओ असं फिरत शेवटी परत आलो ते आपल्याच जात्यापाशी, आणि २०२१ च्या पुरात गेलेल्या आमच्या एका वहीपाशी. ही गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

आधी पेटी समोर घेऊ. भजनी मंडळाची पेटी बहुतेक वाडीत मिळते. पांढरी एक ‘सा’ धरा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता सरळ वर जा. सा रे ग म प ध नी सा. सगळे शुद्ध सूर. ऐकायला मोकळं वाटतं, सकाळचं ऊन अंगणात आल्यासारखं. आपल्याकडे याला बिलावल थाट म्हणतात, पाश्चात्त्य संगीतात मेजर. आता पट्ट्या त्याच राहू द्या. फक्त सुरुवात पांढऱ्या सहापासून करा, म्हणजे मघाच्या ‘ध’पासून. वरच्या ‘ध’पर्यंत जा आणि तिथंच थांबा. एकही पट्टी नवी घेतली नाही, तरी सगळा चेहरामोहरा बदलला. दिवेलागणीची वेळ झाल्यासारखं वाटतं. हा आपला आसावरी थाट, त्यांचा मायनर. सूर तेच सात. बदललं ते घर.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हे ठाऊक होतं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात मूर्च्छना सांगितल्या आहेत. सूर तेच ठेवायचे आणि सुरुवातीचा सूर बदलायचा, की मूर्च्छना बदलते. पण आपल्या मैफलीत एकदा ‘सा’ ठरला, की तंबोरा तोच शेवटपर्यंत धरून ठेवतो. घर एकच. जॅझमध्ये मात्र एकाच गाण्यात घर बदलत राहतं, आणि ते बदलतं कॉर्डमुळे.

कॉर्ड म्हणजे निदान तीन सूर एकदम. पेटीवर सा, ग, प एकत्र दाबा. हे मेजरचं घर. आता सा आणि ग वरची बोटं हलवू नका. प वरचं बोट शेजारच्या ध वर सरकवा. झालं मायनरचं घर. तीनपैकी दोन बोटं जागच्या जागी राहिली, एकच बोट एक पट्टी सरकलं. इतकं जवळचं नातं, म्हणून रिलेटिव्ह. हा प्रयोग आम्ही सभेत करून दाखवला, तेव्हा त्या मुलीची आई म्हणाली, ‘म्हणजे माहेर आणि सासर. बाई तीच.’ एवढ्या सोप्या शब्दांत आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यातलं कुठलं घर सुखाचं, हे मात्र सुरांवरून ठरत नाही. मायनरमध्येही नाचायला लावणारी गाणी असतात. माहेराची ओवी गाताना डोळे भरतात आणि सासरच्या ओवीत सासूची नक्कल करून हसवतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता जॅझ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत आफ्रिकेतून धरून नेलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राबली. तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली १८६५ साली. शेतावर राबताना एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, अशी त्यांची कामाची गाणी होती. ती गाणी, चर्चमधली भजनं आणि लष्करी बँडची वाद्यं यांच्या मिश्रणातून न्यू ऑर्लिन्स शहरात जॅझ वाढलं. लुई आर्मस्ट्राँग हा सगळ्यात नावाजलेला ट्रंपेटवादक त्याच शहरात १९०१ साली जन्मला. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ साली. म्हणजे हे संगीतही कामकरी माणसांच्या घामातून आलेलं आहे. ते श्रीमंतांच्या हॉटेलात पोचलं नंतर.

जॅझवाला आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो, असं लोक म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. ‘ऑटम लीव्ह्ज’ नावाचं एक गाणं जॅझ शिकणारा हमखास शिकतो. चाल जोसेफ कोस्मा यांची, १९४५ साली फ्रान्समध्ये बांधलेली. हे गाणं ३२ खणांचं आहे, प्रत्येक खण चार मात्रांचा. पहिल्या आठ खणांत कॉर्डचा पाया असा फिरतो : रे, प, सा, म, नी, ग, ध आणि आठव्या खणात पुन्हा ध. मोजून पाहा, सातही सुरांना पाळीपाळीनं यजमानपद मिळालं. तिसऱ्या खणात सा चं म्हणजे मेजरचं घर आलं, सातव्या खणात ध चं म्हणजे मायनरचं.

पेटीवर करून पाहायचं असेल तर लिहून घ्या. पहिला खण रे-म-ध. दुसरा प-नी-रे. तिसरा सा-ग-प. चौथा म-ध-सा. पाचवा नी-रे-म. सहाव्या खणात ग, मग प आणि ध यांच्या मधली काळी पट्टी, म्हणजे काळी चार, आणि नी. सातवा आणि आठवा ध-सा-ग. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांत ती एकच काळी पट्टी आली. ती ऐकू आली की कानाला कळतं, आता दुसऱ्या घराचा उंबरा आला, ओलांडायचा आहे.

वादक आधी मूळ चाल वाजवतो. मग त्याच ३२ खणांवर नवी सुरावट रचत जातो. मूळ चाल आता ऐकू येत नाही, पण तिची चौकट सगळ्यांच्या मनात चालू असते. खाली कॉर्ड त्याच क्रमानं फिरत असतात. सा आणि ग हे दोन सूर दोन्ही घरांत चालतात, म्हणून नवशिका त्यांचा आधार घेतो. आपण कुठल्या घरात आहोत हे खरं सांगतात प आणि ध. तिसऱ्या खणात प वर येऊन टेकलं, सातव्यात ध वर, की ऐकणाऱ्याला वाटतं, पोचला बरोबर. मधल्या वाटेनं कसंही जा, पण पोचायचं वेळेवर. आपल्या गवयांकडे यासाठी छान शब्द आहे, उपज. आतून उगवून येणं. आणि उगवायला आधी जमीन लागते.

हे आपल्याला परकं आहे का? आपल्याकडे शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या रात्रभर रंगतात. समोरच्या शाहिरानं टाकलेला सवाल ऐकून तिथल्या तिथं जबाब बांधावा लागतो, आणि तो चालीत आणि ठेक्यात बसावा लागतो. जात्यावरच्या ओवीचंही तसंच. जात्याचा फेरा ठरलेला, चाल ठरलेली, यमक कुठं पडायचं ते ठरलेलं. मधले शब्द मात्र त्या पहाटेचे. भाऊ आला नाही, पाऊस लांबला, लेकीचं पत्र आलं, जे मनात असेल ते त्या फेऱ्यात बसायचं.

मग हे जॅझ आपल्या मुलखात आलं कसं? गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत, चर्चच्या गायनवृंदात उभं करत. गावातल्या गरीब घरातला पोरगाही सही-सही नोटेशन वाचू शकायचा. पण गोव्यात काम नव्हतं. काम होतं मुंबईत. आज आपल्या दारावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो, पोलादपूर सोडलं की कशेडी चढून पुढे. तेव्हा गोव्याचे लोक आगबोटीनं नाही तर लोंढ्यावरून रेल्वेनं मुंबई गाठायचे. आपली माणसंही दासगावच्या बंदरातून बोटीनं मुंबईला जायची, गिरणीत नाही तर गोदीत. मुंबईत आपल्या गावकीच्या खोल्या असायच्या. एका गावचे दहा-वीस पुरुष एका खोलीत, पाळीपाळीनं झोपायचे. गोव्याच्या लोकांच्या अशाच खोल्या धोबी तलाव, माझगाव भागात होत्या. त्यांना ते कुड म्हणत. आपल्या माणसांच्या वळकटीशेजारी ढोलकी असेल, त्यांच्या वळकटीशेजारी ट्रंपेट. गावात मागं राहिलेल्या बायका दोन्हीकडे सारख्याच, मनिऑर्डरची वाट पाहणाऱ्या.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताज हॉटेलात आला. पुढं टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. त्यांच्याकडून गोव्याच्या तरुणांनी जॅझ कानांनी उचललं. नोटेशन वाचता येत होतंच, आता नोटेशन सोडून वाजवायला शिकायचं होतं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ट्रंपेट इतका सुंदर वाजवायचे, की त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. लोक त्यांना ओळखत चिक चॉकलेट या नावानं. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून सुमारे दोन दशकं ताजमध्ये वाजत होता.

मग स्वातंत्र्य आलं, आणि १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. दारूबंदीसाठी आपल्या बायाबापड्यांनी किती मोर्चे काढले, ते आम्ही जाणतो. त्या कायद्याला नावं ठेवण्याचा आमचा विचार नाही. पण त्यामुळं हॉटेलांतली रात्रीची कामं आटली आणि हे वादक पोटासाठी सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले, हाही इतिहास आहे. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांनी चिक चॉकलेट यांना बरोबर घेतलं. १९५१ सालचा ‘अलबेला’ हा त्यांचा सिनेमा. नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. त्यात चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. जॅझ असं ताजमधून निघालं आणि गिरणगावच्या चाळीत, गणपतीच्या मांडवात पोचलं. ज्या गाण्यांवर आपले आजोबा नाचले, त्यांत न्यू ऑर्लिन्सचा वाटा होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

स्टुडिओत काम कसं चालायचं? संगीतकार पेटीवर चाल गुणगुणून दाखवायचा. ती ऐकून कागदावर लिहायची, तिच्याखाली कॉर्ड ठेवायचे, कुठल्या वाद्यानं कुठं काय वाजवायचं ते ठरवायचं, हे काम अरेंजरचं. सेबास्टियन डिसोझा हे त्यातलं मोठं नाव. फाळणीनंतर ते लाहोरहून मुंबईला आले आणि शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. आता मघाचा पेटीचा प्रयोग आठवा. समजा, चाल येऊन ‘ग’वर थांबली. त्या ‘ग’खाली सा चं घर ठेवायचं की ध चं? दोन्ही बसतात. सा चं ठेवलं तर ऊन पडतं, ध चं ठेवलं तर सावली येते. गाणारीचा सूर तसूभर हलत नाही, पण ऐकणाऱ्याच्या पोटात काय हलायचं ते या निवडीवर ठरतं. ती निवड करणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं नाव मात्र पडद्यावर बहुधा नसायचं. फार तर साहाय्यक म्हणून एखादं. तबकडीवर गायिका, संगीतकार आणि कवी. बाकी पन्नास माणसं ‘ऑर्केस्ट्रा’.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचंच पाहा. ते व्हायोलिनवादक आणि अरेंजर. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली त्यांनी आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्यासाठी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पण देशाला त्यांचं नाव कळलं ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’ सिनेमात शिष्यानं गुरूचं नाव गाण्यात घातलं तेव्हा. तेही कसं? लोकांना वाटलं, गाण्यातलं गमतीचं नाव आहे.

आणि बायका? होत्या. लुसिला पाशेको सिनेमाच्या वाद्यवृंदात पियानो वाजवायच्या, पुरुषांच्या त्या गर्दीत बसून. लोर्ना कॉर्देरो यांनी क्रिस पेरी यांच्या बँडबरोबर कोकणी गाण्याला जॅझचा रंग दिला, घराघरात त्या पोचल्या. मग सत्तरच्या दशकात त्यांचं गाणं थांबलं आणि वीसेक वर्षं लोकांनी त्यांचा आवाज मंचावर ऐकला नाही. १९९५ साली त्या पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा गोव्याचे लोक त्यांना विसरलेले नव्हते. नाव माहीत होतं, म्हणून तर वाट पाहता आली.

आता आमच्या वहीकडे येतो. गटातल्या म्हाताऱ्या आज्यांच्या ओव्या लिहून ठेवायचं आम्ही काही वर्षांपूर्वी ठरवलं होतं. पोलादपूरकडच्या वाड्यांत जाऊन, चुलीपाशी बसून लिहिल्या. वही महाडला एका ताईंच्या घरी ट्रंकेत ठेवली होती. २०२१ च्या जुलैत सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं. कुणाचं काय गेलं, ते इथं ऐकणाऱ्यांना आम्ही काय सांगणार. ज्या घरांतली माणसं गेली त्यांच्यापुढं वहीचं दुःख करणं शोभत नाही. चिखल काढताना ट्रंक सापडली. वहीचा लगदा झाला होता.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा लिहायला बसलो. एका आजींना म्हटलं, ‘मागच्या वेळी सांगितली होतीत ती सांगा.’ त्यांनी गायली. आमच्यातली एक म्हणाली, ‘आजी, ही तर वेगळी आहे.’ आजी म्हणाल्या, ‘जातं तेच हाय ना?’ त्यांच्या दृष्टीनं ओवी गेलेलीच नव्हती. चौकट डोक्यात होती, घर कुठं आहे ते ठाऊक होतं, वाट त्या दिवशीची नवी. जॅझवाल्यांचे ३२ खण आम्हाला कळले ते त्या दिवशी.

पण त्याच दिवशी आमची एक चूकही आम्हाला कळली. पहिल्या वहीत आम्ही ओव्या लिहिल्या होत्या, त्या कुणी गायल्या ते लिहिलं नव्हतं. सगळ्यांच्याच तर आहेत, नाव कशाला, असं वाटलं होतं. मधल्या काळात दोन आज्या वारल्या. त्यांच्या ओव्या कुठल्या होत्या, आता कुणाला विचारणार? त्यांच्या लेकीसुना विचारतात, ‘आमच्या आईची कुठली?’ आमच्याकडे उत्तर नाही. सिनेमावाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. आम्हीही आमच्या बायकांना ‘ऑर्केस्ट्रा’ करून टाकलं होतं.

घाटापलीकडे मावळ-मुळशीत हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्या वर गेला. त्यांनी ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव टिपलं. तेव्हा रोज पहाटे उठून दळणाऱ्या बाईचं नाव कुणी लिहून घेतलं, ही केवढी मोठी गोष्ट होती, ते आम्हाला उशिरा उमगलं.

म्हणून आम्ही सभेत ठराव केला आणि इतिवृत्तात नोंदवला. नव्या वहीत पहिला रकाना नावाचा. मग गाव, मग तारीख, मग ओवी. तारीख यासाठी, की तीच बाई पुढच्या महिन्यात तीच ओवी वेगळी गाईल आणि तीही लिहायची आहे. आता वहीच्या पानांचे फोटो काढून तिघींच्या मोबाइलमध्ये ठेवतो. एक प्रत उंचावरच्या वाडीत.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी आई असेल, सासू असेल, आजेसासू असेल. आज दुपारी कामं उरकली, की त्यांच्यापाशी बसा. ओवी लिहून घ्या, पाळणा लिहून घ्या, आणि वर त्यांचं पूर्ण नाव लिहा. अमक्याची आई, तमक्याची बायको असं नको. माहेरचं नावही लिहा, सासरचंही. बाई तीच असली तरी घरं दोन आहेत, आणि गाणं दोन्हीकडून आलेलं आहे.